अर्ध्या एकराचा हिशेब

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की आधी साल येते, मग इमारत, मग पदाधिकाऱ्यांची यादी आणि शेवटी सत्कार. ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि त्यातून उभी राहिलेली पाणी पंचायत यांच्या बाबतीत हा क्रम उपयोगाचा नाही. या संस्थेची खरी मिळकत एक नियम आहे, आणि तो काडेपेटीच्या पाठीवर मावेल एवढाच आहे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी. कुटुंब केवढेही असो, अडीच एकरांच्या वर नाही. जमीन दहा एकर असली तरी तेवढेच, एक एकर असली तरी तेवढेच, आणि नावावर गुंठाभरही नसली तरी तेवढेच. पाण्याचा वाटा जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते योजनेकडे परत येते. उसाला पाणी नाही. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाचीच. आणि गटानेच ती चालवायची. पन्नास वर्षांत संस्थेने जे काही केले, ते या चार-सहा वाक्यांची परीक्षा पाहणे होते, आणि या लेखातही मी तेवढेच करणार आहे.

पाण्यात लोकसहभाग हवा, याबद्दल आज महाराष्ट्रात दुमत नाही. इतके एकमत झाले की थोडे सावध व्हावे. सहभाग म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर येते श्रमदान. गावाने कुदळ-फावडे घ्यावे, चर खणावेत, बांध घालावेत, गाळ काढावा. हे सगळे चांगलेच आहे. पण साठलेले पाणी नंतर कोणाच्या विहिरीत उतरते, हा प्रश्न त्या उत्साहात मागे राहतो. पाणी पंचायतीने तो पहिला विचारला. वाटा आधी ठरवा, तो लिहून घ्या, आणि मगच पंप बसवा, असा तिचा आग्रह होता. माझे म्हणणे असे, की लोक एखादी पाण्याची योजना आपली मानतात ती त्यात घाम गाळला म्हणून नव्हे, त्यात आपला वाटा ठरलेला आहे म्हणून; आणि पाणी पंचायतीचे यश व अपयश दोन्ही याच कसोटीवर नीट कळतात.

सुरुवात 1972 च्या दुष्काळापासून करावी लागते. संस्था जिथे उभी राहिली तो पुण्याजवळचा पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, पर्जन्यछायेत. पश्चिमेला किल्ल्याच्या बाजूला पाऊस बरा पडतो. कऱ्हा नदीबरोबर सासवड, जेजुरीकडे उतरू लागलो की तो झपाट्याने कमी होतो. वर्षाची सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही सलग पडेल याची खात्री नाही. जमीन उताराची, मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पाऊस पडला की तासाभरात ओढा भरून वाहतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा. महात्मा फुल्यांचे घराणे याच तालुक्यातल्या खानवडीचे, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारकडे बांधबंदिस्तीची मागणी केली, ती लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून करून घ्या असे सुचवले. 1972 मध्ये सरकारने हात लावले, पण ते शेतकऱ्यांचेच हात होते. दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती, रस्त्यांवर माती टाकत होती, संध्याकाळी सुकडी घेऊन घरी जात होती. ज्याच्या शेतात पाणी नव्हते, त्याच्याकडून सरकार गरज नसलेले रस्ते करून घेत होते.

विलासराव साळुंखे यांना पुरंदरमध्ये खटकले ते हेच. ते इंजिनिअर होते, पुण्यात त्यांची अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग कंपनी होती आणि ती अचूक मोजमापाची साधने, गेज, बनवत असे. पुढे त्यांनी दिलेले पाण्याचे माप पाहता हा योगायोग मजेशीर वाटतो. दुष्काळी कामांत पाझर तलावही होत होते, आणि ते रस्त्यांपेक्षा नक्कीच कामाचे होते. पण पाझर तलावात एक मेख आहे. तलावाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. तलाव सरकारी पैशाने झाला, त्यावर मातीच्या पाट्या भूमिहीनांनी वाहिल्या, आणि पाणी मात्र त्याला मिळाले ज्याची जमीन नेमकी तलावाखाली होती व विहीर खणायला ज्याच्याकडे पैसा होता. पाणलोटाचा उतार सगळ्या गावाचा, विहीर एकाची. यात कोणी बेकायदा काही करत नव्हते. भूगर्भातले पाणी जमिनीच्या मालकाचे, ही समजूत 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे चालत आलेली आहे, आणि कालव्याचे पाणीही 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यापासून लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या हिशेबानेच मिळत आले. कायदा जमीन पाहत होता. माणूस त्याच्या नजरेला पडण्यासाठी आधी खातेदार असावा लागत होता.

1974 मध्ये प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि साळुंख्यांनी तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची 40 एकर उताराची, जवळजवळ पडीक जमीन 50 वर्षांच्या कराराने घेतली. पत्नी कल्पनाताईही या कामात सुरुवातीपासून होत्या. जमिनीवर समतल बांध घातले, उताराच्या पायथ्याशी छोटा तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि विहिरीचे पाणी पंपाने पुन्हा वर चढवून शेताला दिले. वरच्या अंगाला झाडे आणि गवत, खाली ज्वारी-गव्हासारखी धान्ये. पावसाचे पाणी जिथे पडले तिथेच अडवून त्याच जमिनीला पुन्हा पाजता येते, एवढे नायगावने सिद्ध केले. ते कमी नव्हते. कमी पावसाच्या तालुक्याला पाणी बाहेरूनच आणावे लागेल, ही त्या काळची सरसकट धारणा होती.

पण नायगावने जे सिद्ध केले नाही ते अधिक महत्त्वाचे ठरले. पुण्याचा कारखानदार, हाताशी पैसा, चाळीस एकरांचा एकच तुकडा, निर्णय एकाचा. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यावर रोखठोक शंका घेतली असेल तर त्यांचे काही चुकले नाही; त्यांची शेते पाच ठिकाणी विखुरलेली, विहिरीत सहा भावांचा वाटा आणि पैसा कोणाकडेच नाही. आदर्श शेत दाखवून भोवतालची शेते बदलतात, हा विकासाच्या क्षेत्रातला एक जुना भ्रम आहे. प्रतिष्ठानचे मोठेपण असे की या भ्रमात ते फार काळ राहिले नाही. तंत्र जमले, आता प्रश्न वाटपाचा आहे, हे ओळखून 1979 मध्ये पाणी पंचायत आकाराला आली. पाटबंधारे कायद्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. हे कोणी ठरवून केले नव्हते, पण शतकभर जमिनीला मिळालेले पाणी माणसाच्या नावे लिहायला सुरुवात त्याच वर्षी झाली.

योजनेची रचना साधी होती. एखाद्या वस्तीतली कुटुंबे एकत्र येत, गट करत आणि अर्ज देत. खर्चापैकी निम्मा भाग सरकारी अनुदानातून, 20 टक्के सभासदांनी रोख भरायचे आणि उरलेले 30 टक्के प्रतिष्ठान बिनव्याजी कर्जाने देणार. ते 20 टक्के महत्त्वाचे. पोटाला चिमटा घेऊन भरलेली रक्कम माणसाला बैठकीला आणून बसवते, आणि हिशेबाची वही मागायचे धाडस देते. मग ओढ्याकाठी किंवा तलावाखाली विहीर, पंपघर, वर माळापर्यंत पाइपलाइन, तिथे हौद, आणि हौदातून चाऱ्या. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. त्याचा पगार गटाने द्यायचा आणि पाळी त्याने सांभाळायची. पाळी कोणाची, किती तासांची, हे आधी ठरलेले असल्यामुळे रात्री-अपरात्री दारे मोडून पाणी वळवण्याचा मोह आवरण्याचे काम एकाच माणसाकडे होते, आणि त्या माणसाला सगळे मिळून जाब विचारू शकत होते. पाटकरी ही काही नवी कल्पना नव्हे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत तो शतकानुशतके आहे. तिथले बंधारे, फड आणि पाळ्या लोकांनीच चालवल्या. फरक एवढाच की फडात पाणी फडातल्या जमिनीला मिळते. पाणी पंचायतीने जुना पाटकरी घेतला आणि त्याच्या हातात नवे माप दिले.

हे माप प्रत्यक्षात काय करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा एका योजनेत पाच-पाच माणसांची तीन घरे आहेत. एकाची जमीन दहा एकर, दुसऱ्याची एक, तिसरा भूमिहीन. नेहमीच्या पद्धतीत पाणी दहास एक या प्रमाणात वाटले जाईल आणि तिसरा पहिल्याच्या बांधावर मजुरीला जाईल. पाणी पंचायतीच्या हिशेबात तिघांनाही अडीच एकरांचे पाणी. आता पहिल्याकडे साडेसात एकर कोरडे राहिले, दुसऱ्याकडे दीड एकराचे पाणी शिल्लक आणि जमीन नाही, तिसऱ्याकडे अडीच एकरांचे पाणी आणि जमीन शून्य. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याला दुसऱ्याच्या पाण्याची गरज, ज्याच्याकडे पाणी आहे त्याला पहिल्याच्या जमिनीची. जमीन वाट्याने करायची बोलणी होतील, पण आता भूमिहीन रिकाम्या हाताने बोलत नाही. बांधावर उभे राहून विनंती करणे आणि ओट्यावर बसून सौदा करणे यांत जे अंतर आहे, तेवढे या मापाने कापले. कोणाची एक गुंठाही जमीन काढून न घेता गावातल्या ताकदीचा तोल थोडा हलवता येतो, हे मला या नियमाचे सर्वांत कल्पक अंग वाटते. जमीन सुधारणांच्या कायद्यांनी जे मोठ्या कष्टाने आणि थोडेफार साधले, त्याची ही वळसा घालून जाणारी वाट होती.

या नियमावर आक्षेप पहिल्या दिवसापासून आले, आणि त्यांतले सगळे काही स्वार्थी नव्हते. पहिला अर्थातच मोठ्या खातेदाराचा: जमीन माझी, मग पाणी कमी का? त्याला उत्तर असे, की अडवलेले पाणी तुमच्या जमिनीवर पडलेले नाही. ते साऱ्या पाणलोटावर पडले, त्यातला मोठा भाग गायरान आणि डोंगर. अडवायचा निम्मा खर्च सरकारी तिजोरीतून आला, म्हणजे त्यात भूमिहीनाने काडेपेटीवर भरलेला करही आहे. तुमची जमीन तुमचीच राहिली. दुसरा आक्षेप लोकसंख्येचा: माणसागणिक पाणी दिले तर घरे मोठी करण्याला बक्षीस मिळेल. म्हणून तर अडीच एकरांची मर्यादा. पाचांच्या पुढे सहावे माणूस पाण्याचा वाटा आणत नाही. कागदोपत्री घरे फोडून दोन वाटे घेण्याची वाट मात्र यात उरते, आणि रेशनकार्डाच्या अनुभवावरून कोणी हे हसण्यावारी नेऊ नये. गट लहान असेल आणि सगळे एकमेकांच्या घरातली चूल ओळखत असतील तरच ती वाट बंद राहते.

तिसरा आक्षेप उसाचा, आणि तो अर्थशास्त्राच्या भाषेत येतो. पाणी तिथे जावे जिथे त्याचा पैसा जास्त होतो. शेतकऱ्याने काय पेरावे हे संस्थेने का ठरवावे? यात तथ्य आहे, पण हिशेब पूर्ण मांडला तर. एक एकर ऊस बारा महिने आणि त्याहूनही अधिक काळ जमिनीत राहतो आणि तेवढा काळ पाणी पितो. रब्बीच्या ज्वारीला मोक्याच्या वेळच्या काही पाळ्या पुरतात. एका एकराच्या उसाचे पाणी अनेक एकरांच्या ज्वारीला संरक्षण देते. पैसा एकराला मोजायचा की घराला, हा प्रश्न आहे. पाणी पंचायतीचा अर्धा एकर श्रीमंतीसाठी नव्हता. पाऊस उशिरा आला किंवा मधेच ओढ दिली तरी घरात धान्य यावे आणि माणसाला खडी फोडायला जावे लागू नये, एवढेच त्याने पाहिले होते. ज्याला ऊसच हवा त्याने योजनेबाहेरच्या पाण्यावर तो जरूर करावा. अर्थात बाहेरचे पाणी असे काही असते का, हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यावर पुढे यायचेच आहे. शिवाय पुरंदरच्या शेतकऱ्याने उसाशिवाय पैसा मिळवलाच नाही असे नाही. तालुक्याचे अंजीर आणि सीताफळ याची साक्ष देतात, आणि पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

चौथा आक्षेप मात्र मला खरोखर अवघड वाटतो: भूमिहीनाला दिलेला हक्क कागदावरचाच राहत नाही का? वर मांडलेला सौदा तेव्हाच जमतो जेव्हा जमीनवाला आपली कोरडी जमीन वाट्याला द्यायला तयार असतो. कुळकायद्याच्या आठवणीने जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची धास्ती महाराष्ट्रातल्या खातेदाराच्या मनातून अजून गेलेली नाही. पाणी हातात असून जमीन मिळाली नाही तर हक्क वाळतो. पाणी पंचायतीने या प्रश्नाचे पुरते उत्तर दिले असे म्हणता येणार नाही. तिने प्रश्न मांडला, आणि तो मांडल्याशिवाय सुटणार नव्हता, एवढे म्हणता येईल.

आता सर्वांत मोठा आक्षेप. नियम इतका चांगला होता तर तो पसरला का नाही? आणि ज्या योजना झाल्या त्यांतल्या अनेक बंद का पडल्या? योजना बंद पडल्या हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. पण एखादी योजना बंद पडली म्हणजे नियम खोटा ठरला असे होत नाही. बंद का पडली ते पाहावे लागते. पाणी उपसून वर न्यायचे तर वीज लागते. विजेचे बिल योजनेच्या नावे येते. पाच जणांनी भरले नाही तरी जोडणी पंचवीस जणांची तुटते. मोटर जळाली की वर्गणी, पाइप फुटला की पुन्हा वर्गणी, आणि सरकारी अनुदान वेळेवर हाती येईल याची शाश्वती नाही. हे ओझे पाणी पंचायतीपुरते नव्हते. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी सहकारी उपसा सिंचन संस्था कर्जात आणि थकबाकीत रुतल्या, आणि तिथे पाणी जमिनीच्या हिशेबानेच मिळत होते, पीकही उसाचेच होते. तिथे कोणी म्हटले नाही की जमिनीगणिक वाटपाचे तत्त्व फसले. उपसा महाग असतो, एवढाच निष्कर्ष निघाला. तोच न्याय इथेही लावायला हवा.

दुसरे कारण अधिक खोल आहे, शब्दशः. पाणी पंचायतीचा नियम योजनेच्या सभासदांना लागू होता. शेजारच्या शिवारात जो सभासद नव्हता, त्याने दोनशे-तीनशे फूट बोअर घेतली तर त्याला अडवायला कोणाकडेही काही साधन नव्हते. खडकातल्या भेगांना योजनेची हद्द कळत नाही. नियमाच्या आत माणसे अर्ध्या एकराला पाणी पुरवत होती आणि नियमाबाहेरची बोअर तेच पाणी रात्रभर उपसत होती. यात आतला शहाणा ठरत नाही, मूर्ख ठरतो, आणि एकदा तसे वाटू लागले की तोही बोअरवाल्याला फोन करतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 ने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातले, पण तोवर पुरंदरमधली आणि सगळ्याच दख्खनमधली खडकातली पातळी किती खाली गेली होती हे कोणत्याही बोअरच्या गाडीवाल्याला ठाऊक होते. म्हणजे नियम चुकला ते त्याची हद्द लहान पडली म्हणून. वाटा ठरवून चालवलेली योजना वाटा न ठरवलेल्या शिवारात एकटी तग धरू शकत नाही. हा धडा पाणी पंचायतीच्या विरोधात जात नाही. तो तिचाच आग्रह मोठ्या मापाने लावा असे सांगतो.

तिसरे कारण मात्र संस्थेच्या घरातले आहे. 2002 मध्ये विलासराव गेले. संस्थापकाच्या शब्दाला जे वजन होते ते नियमाला स्वतःला यायला हवे होते, आणि तितके आले नाही. गटांना आपला नियम मोडणाऱ्याला शिक्षा करायचा कायदेशीर अधिकार नव्हता. भांडण मिटवायचे तर वडीलधारी व्यक्ती लागे. पुण्याच्या जवळिकीने जमिनीच्या किमती चढल्या, तरुण पोरे चाकण-हडपसरकडे गेली, आणि अर्ध्या एकराच्या पाण्यासाठी महिन्याला बैठकीला बसणे कंटाळवाणे वाटू लागले. हे सगळे खरे आहे. या कारणाचा दोष मी कुठल्या तालुक्यावर किंवा पिढीवर टाकणार नाही. समूहाचा नियम समूहाने कायद्यात उतरवायचा असतो, आणि ते काम संस्थेच्या ताकदीबाहेरचे होते.

मग ते काम सरकारने केले का? नाव घेतले, एवढे खरे. ओडिशाने 2002 मध्ये पाणी पंचायत कायदा केला. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देणारा. शब्द पुरंदरमधलाच, पण सभासद होण्यासाठी लाभक्षेत्रातली जमीन कसत असणे गरजेचे, म्हणजे शब्दाच्या आतला गाभा गाळून घेतलेला. महाराष्ट्राने 2005 मध्ये दोन कायदे केले: सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करणारा एक, आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा दुसरा. पहिल्यामागे नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाचा अनुभव होता. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने आणि बापूसाहेब उपाध्यांनी 1990 च्या सुमारास कालव्याच्या शेपटाकडच्या तीन पाणीवापर संस्थांपासून सुरुवात केली, पाणी घनमापनाने मोजून घेतले, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. शेपटाकडचा माणूस पाण्याची वाट पाहत बसायचा, तिथे तो मोजून पाणी घेऊ लागला, हे मोठेच काम आहे. पण वाघाडचा वाटा क्षेत्रावर आहे, माणसावर नाही. दुसऱ्या कायद्यात तर गंमत आहे. त्यात माणसे मोजलेली आहेत खरी, पण उलट्या बाजूने: दोनपेक्षा जास्त मुले असतील तर शेतीच्या पाण्याला दीडपट पट्टी. डोके मोजून हक्क देण्याचा विचार पुरंदरने मांडला होता. कायद्याने डोके मोजून दंड लावला.

गावांनी मात्र अधिक घेतले. अण्णा हजाऱ्यांनी राळेगणसिद्धीचे काम उभारताना साळुंख्यांचे काम पाहिले होते. हिवरे बाजारने उसाला बंदी घातली, शेतीसाठी बोअर घ्यायलाही बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचे अंदाजपत्रक मांडायची सवय लावली. वर म्हटलेली हद्दीची अडचण तिथे गावाने स्वतः सोडवली. मात्र गावाबाहेरच्या सगळ्यांत मोठ्या प्रसारात, म्हणजे 2014 नंतरच्या जलयुक्त शिवारात आणि 2016 पासूनच्या वॉटर कप स्पर्धेत, लक्ष पाणी साठवण्यावर होते. किती चर खणले, किती घनमीटर काम झाले, हे मोजले गेले. हजारो माणसे उन्हात राबली आणि त्या राबण्यात एक सुंदर गोष्ट होती, हे नाकारायचे नाही. पण साठलेले पाणी पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या मोटरने उपसले, याचे गुण स्पर्धेत मिळत नव्हते.

ज्यांनी नियमाचा गाभा घेतला ते सांगली जिल्ह्यातले आहेत. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, त्यासाठी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, आणि पाण्याचा वाटा जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला सारखा ठेवला. या कामाला मुक्ती संघर्ष चळवळीची आणि डॉ. भारत पाटणकरांची साथ होती. पुढे नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत 1993 पासून पाणी परिषदा भरवल्या आणि समन्यायी पाणीवाटप हा शब्द दुष्काळी भागाच्या तोंडी रुजला. छोट्या योजनेत जमते, मोठ्या कालव्यावर जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना आटपाडीने निदान प्रश्न तरी परत फिरवला: जमणार नाही हे कोणी करून पाहिले आहे? पाणी पंचायत एका तालुक्यात अडखळली आणि तिची कल्पना दुसऱ्या जिल्ह्यात चळवळ झाली. संस्थेचा इतिहास तिच्या स्वतःच्या कार्यालयापुरता लिहिला तर ही शाखा त्यात दिसत नाही, म्हणून इथे नोंदवली.

आता पुरंदरला बाहेरचे पाणी आले आहे. पुरंदर उपसा सिंचन योजना हवेली तालुक्यात कोरेगाव मूळजवळ मुळा-मुठेतून पाणी उचलते, म्हणजे पुणे शहराने वापरून सोडलेले पाणी, आणि ते टप्प्याटप्प्याने डोंगर चढवून पुरंदरकडे आणि शेजारच्या तालुक्यांकडे नेते. एकेकाळी पुण्याला भाजी आणि माणसे देणारा तालुका आज पुण्याचे सांडपाणी विकत घेतो. नियोजित क्षेत्र 25 हजार हेक्टरांच्या आसपास आहे. पाणी पंचायतीने कधी स्वप्नातही पाहिले नसेल एवढे. साहजिकच कोणी म्हणेल की आता अर्ध्या एकराचा हिशेब इतिहासजमा झाला, पाण्याची टंचाईच संपली. पण हे पाणी विजेवर चढते, म्हणून ते फुकट नाही, आणि ते मुळा-मुठेत असेपर्यंतच चढते. शहर उद्या आपले सांडपाणी स्वतःच शुद्ध करून वापरू लागले तर? ही वेळ आज आलेली नाही, पण कमी पाण्यात कोणाला किती, हा प्रश्न पुन्हा दारात येईल तेव्हा तालुक्याकडे त्याचे एक लिहिलेले उत्तर आधीच आहे.

राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे कालव्याचे पाणी मागायचे तर आजही नमुना नंबर सातचा अर्ज भरावा लागतो. त्यात गट क्रमांक लिहायचा, पीक लिहायचे आणि किती क्षेत्र भिजवायचे ते लिहायचे. घरात जेवणारी माणसे किती, यावरून पाणी ठरत नाही.